‘चेक’चे इतके सगळे अर्थ एकाच शब्दातून आले का?

प्रश्न असा आहे: चेक म्हणजे तपासणे, चेक म्हणजे बँकेचा धनादेश, चेक्सचा शर्ट, बुद्धिबळातला चेक, शिवाय हॉटेलातले चेक-इन आणि चेक-आउट. हा सगळा एकच शब्द आहे की योगायोगाने सारखे ऐकू येणारे वेगवेगळे शब्द आहेत? आणि बँकेच्या कागदाचे स्पेलिंग कुठे ‘सी-के’ने संपते, कुठे ‘क्यू-यू-ई’ने, त्यातले बरोबर कोणते?

आधी थोडक्यात सांगतो. शब्द एकच आहे. तो बुद्धिबळाच्या पटावर जन्मला आणि त्याचे मूळ फारसीतला ‘शाह’ म्हणजे राजा हे आहे. स्पेलिंगे दोन्ही बरोबर. ‘सी-के’ अमेरिकेत, ‘क्यू-यू-ई’ ब्रिटनमध्ये आणि ब्रिटिश वळणाची इंग्रजी जिथे चालते तिथे. मात्र ‘क्यू-यू-ई’ फक्त बँकेच्या कागदापुरते आहे. तपासणे, थांबवणे, चौकटीचे कापड या कोणत्याही अर्थाला ते लावायचे नसते.

माझे काम इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचे आणि कोशातल्या नोंदी लिहिण्याचे. या शब्दाची नोंद कोणत्याही मोठ्या इंग्रजी कोशात उघडून पाहा, अर्थांचा नुसता ढीग दिसतो. वाचणारा त्यातून एखादा अर्थ उचलतो आणि बाकीचे पाठ करायचा कंटाळा करतो. पण हे अर्थ एकातून एक निघालेले आहेत, आणि ते कोणत्या क्रमाने निघाले हे कळले की पाठ करायची गरज उरत नाही. म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

सुरुवात पटापासून. चतुरंग हा खेळ भारतातून इराणात गेला, तिथे त्याचे नाव ‘चतरंग’ झाले, आणि सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर तो अरबीत ‘शतरंज’ म्हणून रुळला. राजावर हल्ला झाला की इराणी खेळाडू ‘शाह!’ म्हणून प्रतिस्पर्ध्याला सावध करायचे. ही आरोळी खेळाबरोबर प्रवास करत राहिली. अरबांकडून स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने खेळ युरोपात पोहोचला तेव्हा मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्या शब्दाचे ‘स्काकुस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजीत येताना पुढचा ‘ए’ गळून ‘चेक’ उरले. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून इंग्रजीने खेळाचे नाव घेतले, ते ‘चेस’. म्हणजे चेस आणि चेक ही सख्खी भावंडे, आणि ‘चेस’चा मुळातला अर्थ ‘राजे’ किंवा ‘शह’ असा अनेकवचनी आहे. जर्मन लोक याच खेळाला ‘शाख’ म्हणतात, रशियन ‘शाखमाती’. फ्रेंचमध्ये ‘एशेक’चा आजचा रोजचा अर्थ अपयश असा आहे, आणि अनेकवचन केले की बुद्धिबळ.

मराठी माणसाला हे कुटुंब परके वाटायचे कारण नाही. आपला ‘शह’ हा तोच शब्द, फक्त तो युरोपचा वळसा न घेता थेट फारसीतून आला. शह देणे, काटशह, शह-काटशहाचे राजकारण ही आपली नेहमीची भाषा आहे. ‘शाह मात’ या जोडीतला दुसरा शब्दही आपल्याकडे आहे. संकटावर ‘मात’ केली असे आपण म्हणतो ती हीच मात, आणि इंग्रजी ‘चेकमेट’मधले ‘मेट’ही तेच. या ‘मात’चा अर्थ काय यावर दोन मते आहेत. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला, म्हणून ‘राजा मेला’ असा अर्थ बरीच वर्षे सांगितला गेला. दुसरे मत असे की फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. मला दुसरे पटते, कारण पटावर राजा कधी मरतच नाही. त्याला हलायला जागा उरत नाही आणि खेळ तिथेच संपतो.

अजून मागे गेलो तर हा शब्द आणखी जवळचा निघतो. ‘शाह’चे प्राचीन फारसी रूप ‘क्षायथिय’. प्राचीन इराणचा सम्राट दारियस याच्या बेहिस्तून इथल्या शिलालेखात ‘राजांचा राजा’ या अर्थी हाच शब्द दोनदा जोडून येतो, आणि त्यातूनच पुढे ‘शहेनशहा’ घडला. त्याच्या मुळाशी सत्ता गाजवणे या अर्थाचा धातू आहे, आणि संस्कृतातले ‘क्षत्र’ त्याच कुळातले. म्हणजे बँकेत भरायचा चेक आणि ‘क्षत्रिय’ हे शब्द फार दूरचे, पण खरे नातेवाईक आहेत.

आता अर्थाकडे वळू. इथे बुद्धिबळाचा एक नियम नीट लक्षात घ्यावा लागतो. शह बसला की खेळाडूला आपले बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवावे लागतात. वजिराने काहीही साधायचे असो, प्यादे शेवटच्या घरापासून एका पावलावर असो, आधी शहाला उत्तर द्यावे लागते: राजा हलवा, हल्ला करणारे मोहरे मारा, किंवा मध्ये काही आणून आड घाला. या तीनपैकी एकही शक्य नसेल तर मात. इंग्रजांनी या शब्दातून उचलले ते नेमके हे: चाललेली गोष्ट अचानक थांबवणे. चौदाव्या शतकातच ‘चेक’ खेळाबाहेर पडून अडथळा, अटकाव या अर्थाने वापरला जाऊ लागला. राजा मागे राहिला, ‘थांब’ एवढेच पुढे आले.

शिकाऱ्यांच्या भाषेत कुत्र्यांना वास लागेनासा होऊन ती जागीच घुटमळली की त्याला ‘चेक’ म्हणत. घोड्याने मान खाली घालू नये म्हणून जो वरचा लगाम बांधतात तो ‘चेकरेन’. आइस हॉकीत चेंडूऐवजी जी चकती असते ती पुढे नेणाऱ्या खेळाडूला अंगाने अडवणे म्हणजे ‘बॉडी चेक’. कारखान्यात किंवा गॅरेजमध्ये काम करणारा कोणीही ‘चेकनट’ ओळखतो. पहिला नट सैल होऊ नये म्हणून त्यावर आवळलेला दुसरा नट. तो काही तपासत नाही, अडवतो. ‘चेक व्हॉल्व्ह’ पाण्याला किंवा वायूला एकाच दिशेने जाऊ देतो आणि उलटे येण्यापासून रोखतो. आणि ‘चेक डॅम’. या शब्दाबद्दल मला वारंवार विचारले जाते की या बंधाऱ्यात नेमके काय ‘चेक’ करतात. काहीही नाही. वाहत्या पाण्याचा वेग अडवणारा तो छोटा बांध, म्हणून चेक डॅम.

राज्यव्यवस्थेत हाच अर्थ सर्वांत मोठ्या कामाला लागला. ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ या शब्दप्रयोगातले चेक्स म्हणजे तपासण्या नव्हेत, ते अटकाव आहेत. 1787 मध्ये तयार झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत अध्यक्ष काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने मंजूर केलेले विधेयक नकाराधिकाराने अडवू शकतो, आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश बहुमताने तो नकार मोडून काढू शकतात. शह आणि काटशह. या शब्दप्रयोगाचे भाषांतर ‘तपासणी आणि समतोल’ असे केलेले मी छापील मजकुरात वाचले आहे, आणि दर वेळी वाईट वाटले आहे, कारण त्या एका शब्दाने घटनेतली सगळी कल्पनाच पुसली जाते. ‘परस्पर अंकुश आणि समतोल’ म्हटले तर अर्थ हाती लागतो. ‘कीप इन चेक’ म्हणजेही आटोक्यात ठेवणे, आवर घालणे.

मग थांबवण्यातून तपासणे कसे निघाले? हा या शब्दाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा बदल, आणि तो साधारण सतराव्या शतकापासून स्पष्ट दिसू लागतो. दुवा हिशेबाचा आहे. एखाद्या माणसाला अडवायचे, त्याला मनमानी करू द्यायची नाही, यासाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहणे. नोंदी जुळल्या तर पुढे जाऊ द्यायचे, जुळल्या नाहीत तर तिथेच रोखायचे. त्यामुळे तपासण्याच्या अर्थातही रोखण्याची ताकद शिल्लक आहे. ‘चेकपॉइंट’वर हे उघड दिसते. तिथे आधी थांबवतात, मग कागद पाहतात.

याच ठिकाणी ‘कंट्रोल’ या शब्दाची हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्याने हाच रस्ता उलट्या दिशेने कापला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘काँत्र-रोल’ म्हणजे हिशेबाच्या गुंडाळीची दुसरी प्रत, मूळ प्रत पडताळण्यासाठी वेगळी ठेवलेली. म्हणजे ‘कंट्रोल’ मुळात पडताळणे, आणि इंग्रजीत पुढे त्याचे ताब्यात ठेवणे झाले. ‘चेक’ मुळात रोखणे, आणि पुढे पडताळणे झाले. दोघे वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. फ्रेंच आणि जर्मनमध्ये मात्र ‘कंट्रोल’चा तपासणीचा अर्थ आजही जिवंत आहे. म्हणून युरोपातल्या रेल्वेत ‘कंट्रोल’ आले असे कोणी म्हणाले की तिकीट हातात काढून ठेवावे.

तपासण्याच्या या अर्थाने आज बाकी सगळ्या अर्थांना झाकून टाकले आहे. ‘चेकलिस्ट’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातला, पण त्याला प्रतिष्ठा मिळाली एका अपघातानंतर. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल 299 हे नवे बॉम्बफेकी विमान चाचणीच्या वेळी उड्डाण करताच कोसळले. विमानात बिघाड नव्हता. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने हलू नयेत म्हणून शेपटीच्या पृष्ठभागांना लावलेले कुलूप काढायचे राहून गेले होते. त्यानंतर वैमानिकांसाठी छापील यादी आली: प्रत्येक गोष्ट पाहायची आणि मगच पुढे. इथेही चेकचा जुना अर्थ आत शिल्लक आहे. यादीतले एक कलम जुळले नाही तर उड्डाण थांबते.

संगणकाच्या आणि आकड्यांच्या जगात ‘चेक डिजिट’ असतो. क्रेडिट कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला असतो. आयबीएम या संगणक कंपनीतल्या हान्स पीटर लून यांनी 1954 मध्ये ज्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच पद्धतीने. पुस्तकांच्या 13 अंकी आयएसबीएन या ओळख-क्रमांकातही असाच अंक आहे. अंकांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून बेरीज केली की ती 10 ने भागली गेली पाहिजे. एखादा अंक चुकला की बेरीज जुळत नाही, आणि क्रमांक तिथेच अडतो. मूळ नोंद आणि तिच्याशी ताडायची दुसरी नोंद, ही जुनीच कल्पना एका अंकात बसवलेली आहे.

आतापर्यंत आपण आरोळीच्या मागे गेलो. आता पटाच्या मागे जाऊ, कारण दुसरी शाखा तिथून फुटते. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ अशा धर्तीचा शब्द होता. इंग्रजीत तो ‘चेकर’ झाला. त्याचेच आखूड रूप होऊन चौकड्यांच्या कापडाला ‘चेक’ म्हणू लागले. म्हणून चेक्सचा शर्ट. मोटारशर्यत संपताना फडकतो तो काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा ‘चेकर्ड फ्लॅग’. अमेरिकेत ‘चेकर्स’ हा सोंगट्यांचा खेळही याच पटावर खेळतात. एखाद्याचा भूतकाळ ‘चेकर्ड’ आहे असे म्हटले की त्यात काळी-पांढरी घरे आलटून पालटून आहेत, चढउतार आहेत, आणि बहुधा काही गोष्टी सांगण्यासारख्या नाहीत. हा शब्द कौतुकाचा समजून कोणाच्या परिचयात वापरू नये.

या शाखेतला सर्वांत भव्य शब्द म्हणजे ‘एक्सचेकर’, इंग्लंडचा राजकोश. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याचे पद आजही ‘चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर’ या नावाने ओळखले जाते, आणि त्या नावात बुद्धिबळाचा पट आहे. हे कसे झाले ते ठाऊक आहे, कारण बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्री राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या खात्याच्या कामकाजावर एक ग्रंथ लिहून ठेवला, गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपात. त्यात खात्याच्या मुख्य टेबलाचे वर्णन आहे. सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद, वर मांडलेल्या हिशेबाच्या चकत्या खाली पडू नयेत म्हणून चारी बाजूंनी बोट-दोन बोटे नव्हे तर चार बोटे उंच कड. त्यावर काळे कापड, आणि कापडावर रेषा आखून पाडलेले रकाने: एक पेन्सचा, एक शिलिंगांचा, एक पौंडांचा, पुढे वीस पौंडांचा, शंभरांचा, हजारांचा.

हा खटाटोप का, तर त्या काळच्या इंग्लंडमध्ये आकडे रोमन पद्धतीने लिहीत. शून्य नव्हते, स्थानावरून किंमत ठरत नव्हती. रोमन आकडे लिहून ठेवायला ठीक, पण त्यांच्यात उभी बेरीज-वजाबाकी मांडणे फार जिकिरीचे. त्यातून 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड. म्हणून रकान्यांत चकत्या मांडायच्या, कमी-जास्त करायच्या, आणि हिशेब समोर बसलेल्या सगळ्यांना डोळ्यांनी दिसू द्यायचा. जो शेरिफ आपल्या परगण्याचा महसूल घेऊन येई त्याला लिहिता-वाचता येत असेलच असे नव्हते, पण चकत्या त्यालाही मोजता येत. ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस या सणाला असे वर्षातून दोनदा शेरिफांना हिशेबासाठी यावे लागे.

ग्रंथातला शिष्य विचारतो की या खात्याला हे नाव का पडले. गुरू सांगतो, एक तर टेबल बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते म्हणून. आणि दुसरे म्हणजे पटावर जशी दोन बाजूंत लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरिफ यांच्यात होते. मला हे दुसरे कारण फार मोलाचे वाटते. जिथे हिशेबाची पडताळणी म्हणजे दोन माणसांमधला डाव मानला जात होता, तिथे शह देण्याचा शब्द आणि तपासण्याचा शब्द पुढे एक होणे किती स्वाभाविक होते ते यावरून कळते. जाता जाता, ‘एक्सचेकर’मधला ‘एक्स’ हा निव्वळ गैरसमज आहे. फ्रेंचमधला सुरुवातीचा ‘एस’ हा लॅटिन ‘एक्स’चा अपभ्रंश असावा असे समजून लेखनिकांनी तो ‘सुधारला’.

याच खात्यात पावतीसाठी लाकडी काठ्या वापरत. काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या, मग ती उभी चिरायची. एक अर्धे पैसे भरणाऱ्याकडे, दुसरे खात्याकडे. दोन्ही अर्धे एकमेकांशी जुळले तरच व्यवहार खरा. या काठ्या 1826 पर्यंत चालू होत्या. साठलेल्या काठ्या 16 ऑक्टोबर 1834 रोजी लंडनच्या संसद भवनातल्या भट्ट्यांत जाळल्या, भट्ट्या अति तापल्या, आणि त्या आगीत संसदेची जुनी इमारत भस्मसात झाली.

काठीच्या दोन अर्ध्यांची कल्पना कागदावर आली की बँकेचा चेक समजतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ हे नाव पैसे देण्याच्या कागदाला नव्हते. ते होते त्याच्या फाडून मागे ठेवलेल्या भागाला, ज्याला आपण स्थळप्रत म्हणतो. कोणी रक्कम बदलली किंवा खोटा कागद आणला तर मागे राहिलेल्या तुकड्याशी ताडून पकडता यावे, खोटेपणाला ‘चेक’ बसावा, म्हणून तो चेक. 1717 मध्ये बँक ऑफ इंग्लंडने छापील आणि क्रमांक घातलेले नमुने द्यायला सुरुवात केली, तीही फसवणूक रोखण्यासाठीच. हळूहळू स्थळप्रतीचे नाव पूर्ण कागदाला लागले, आणि त्याच शतकात खातेदाराने बँकेला दिलेला लेखी आदेश या अर्थी ‘चेक’ रूढ झाला.

आता स्पेलिंग. शब्द ‘थांबवणे’ या शाखेतून आला, म्हणून त्याचे जुने, सरळ स्पेलिंग ‘सी-के’चेच. अमेरिकेने ते ठेवले. अमेरिकनांनी ब्रिटिश स्पेलिंग मोडून सोपे केले असे अनेकांना वाटते, पण इथे गोष्ट उलटी आहे. बदल इंग्लंडमध्ये झाला. पैशाचा संबंध, खजिन्याचा संबंध, म्हणून ‘एक्सचेकर’मधल्या ‘क्यू’ची छाया या शब्दावर पडली आणि एकोणिसाव्या शतकात ‘क्यू-यू-ई’ रुळले. बँकव्यवहारावर लिहिणारे लंडनचे बँकर जेम्स गिलबार्ट यांनी 1820 च्या दशकातच हे रूप पसंत केले होते. त्यांचे म्हणणे असे की त्यामुळे इतर अर्थांशी घोटाळा होत नाही आणि राजकोशाच्या नावाशी मेळही बसतो. आरोळीची शाखा आणि पटाची शाखा अशा रीतीने बँकेच्या कागदावर पुन्हा एकत्र आल्या.

एक दावा अनेक जण ठामपणे करतात की ‘चेक’ हा अरबी ‘सक्क’पासून आला. ‘सक्क’ खरेच होता. मध्ययुगीन इस्लामी जगातल्या व्यापारात पैसे देण्याच्या लेखी हमीला तो शब्द वापरत, आणि बँकव्यवहाराच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. पण कल्पना जुनी असणे वेगळे आणि शब्द तिथून येणे वेगळे. इंग्रजीतला शब्द स्थळप्रतीच्या अर्थाने आधी दिसतो आणि आदेशाच्या अर्थाने नंतर. तो थेट ‘सक्क’वरून आला असता तर हा क्रम लागला नसता. उच्चाराचे साम्य हा पुरावा नव्हे.

ताडून पाहण्यासाठी दिलेला तुकडा हा अर्थ अमेरिकेत जाऊन चांगलाच फोफावला. रेल्वेत सामान देताना मिळणारा क्रमांकाचा बिल्ला ‘बॅगेज चेक’, कोट ठेवायला देण्याची जागा ‘कोट चेक’. बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला तर प्रेक्षकाला तिकिटाचा जो तुकडा पुढच्या सामन्यासाठी चालायचा तो ‘रेन चेक’, आणि त्यावरूनच आज एखादे आमंत्रण नम्रपणे पुढे ढकलायचे असेल तर ‘रेन चेक घेतो’ म्हणतात. रेस्टॉरंटच्या बिलालाही अमेरिकेत चेकच म्हणतात. बरोबरची खूण ही तिथे ‘चेक मार्क’, ब्रिटनमध्ये ‘टिक’. चेक-इन आणि चेक-आउट यांचा उगमही नोंदीतच आहे. आलेल्याचे नाव नोंदवहीत ताडून आत घ्यायचे, जाताना पुन्हा ताडून मोकळे करायचे.

रोजच्या वापरात खरी अडचण येते ती मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांनी. मराठीत आपण सगळीकडे ‘चेक कर’ म्हणून मोकळे होतो, आणि तीच सवय इंग्रजीत जाते. ‘चेक द बॅग’ म्हणजे पिशवी तपासा (विमानतळावर मात्र ती काउंटरवर जमा करा), तर ‘चेक फॉर द बॅग’ म्हणजे पिशवी आहे का ते शोधा. ‘चेक विथ हर’ म्हणजे तिला विचारून घ्या, आणि बहुधा तिची संमती हवी आहे. ‘चेक ऑन हर’ म्हणजे ती ठीक आहे ना ते पाहून या, यात काळजी आहे. ‘चेक अप ऑन हर’ म्हटले की संशय शिरतो, ती सांगितल्याप्रमाणे वागते का यावर नजर ठेवणे. आजारी सहकाऱ्याबद्दल आपुलकीने लिहायला गेलेल्या पत्रात हा ‘अप’ घुसला तर वाचणारा दुखावला जातो. ‘चेक आउट’चे तर चार-पाच संसार आहेत: हॉटेल सोडणे, ग्रंथालयातून पुस्तक नेणे, दुकानात पैसे चुकते करणे, एखादी नवी गोष्ट बघणे, आणि ‘त्याची हकिकत चेक आउट होते’ म्हणजे पडताळल्यावर ती खरी निघते.

‘डबल चेक’ आणि ‘क्रॉस चेक’ही एक नव्हेत. पहिल्यात तीच गोष्ट पुन्हा एकदा पाहायची. दुसऱ्यात वेगळ्या माणसाने किंवा वेगळ्या नोंदीवरून पाहायची. विमानाचे दार बंद झाल्यावर कर्मचाऱ्यांना ‘क्रॉस चेक’ची सूचना मिळते, तेव्हा प्रत्येकाने समोरच्याचे दार पाहायचे असते. आपलेच दार दोनदा पाहिले तर आपली चूक आपल्याला दिसेलच असे नाही.

भाषांतर करताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: इथे काही अडवले जाते आहे, काही ताडले जाते आहे, की चौकड्यांचा विषय आहे? अडवले जात असेल तर अटकाव, अंकुश, पायबंद, आवर असे शब्द सापडतात. ताडले जात असेल तर पडताळणे, खातरजमा करणे, तपासणे. मराठीत यासाठी इतके नेमके शब्द असताना सगळीकडे ‘तपासणी’ लिहून टाकणे मला खटकते.

एक चेक मात्र या घराण्यातला नाही. चेक प्रजासत्ताकाचे नाव तिथल्या स्लाव लोकांच्या स्वतःच्या नावावरून आले, आणि इंग्रजीत त्याचे ‘सी-झेड’ने सुरू होणारे स्पेलिंग पोलिश लेखनपद्धतीतून घेतलेले आहे. राजाशी, पटाशी किंवा बँकेशी त्याचे नाते नाही.